चालू फाइल वाचताना: द्राक्ष प्रीकूलिंगच्या तापमान नोंदींचा प्रकल्प

६ जानेवारी २०२५

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं काम आजपासून हातात घेतलं. चार प्रीकूलिंग चेंबर, म्हणजे साठवणीआधी माल झटपट थंड करायच्या खोल्या, आणि मागे कोल्ड स्टोरेज. प्रत्येक चेंबरमध्ये दोन प्रोब आहेत. एक हवेचं तापमान घेतो, दुसरा पेटीतल्या मण्याच्या गरात खोचलेला असतो. हे सगळं ऑफिसातल्या विंडोज संगणकावर येतं आणि तिथला लॉगर प्रोग्रॅम दर मिनिटाला सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) एक ओळ लिहितो. दिवसाच्या १४४० ओळी. रात्री बारा वाजता लॉगर त्या दिवसाच्या फाइलला तारखेचं नाव देतो आणि नवी सुरू करतो.

आपल्याला करायच्या आहेत दोन गोष्टी. लोडिंगच्या जागी मोठ्या स्क्रीनवर आत्ताचं तापमान दाखवायचं, आणि तापमान उतरायचं थांबलं की रात्रपाळीच्या माणसाच्या फोनवर इशारा पाठवायचा. बागेतून माल येतो तेव्हा त्यात उन्हाची उष्णता भरलेली असते. ती काही तासांत काढून गर ४ अंशांच्या आत आणायचा, मग ० ते १ अंशावर साठवायचा. रात्री एखादा पंखा ट्रिप झाला आणि सकाळीच कळलं, तर गेलेले तास परत मिळत नाहीत. देठ सुकायला लागला की पुढचं कितीही चांगलं कोल्ड स्टोरेज त्याला हिरवा करू शकत नाही.

लॉगर बाहेरून विकत घेतलेला आहे, त्याचा कोड आपल्याकडे नाही. तो बदलता येणार नाही. म्हणजे तो लिहीत असतानाच त्याची फाइल वाचावी लागणार. या प्रकल्पाचं अवघड काम तेवढंच आहे.

८ जानेवारी

वाचायचा कोड लिहिण्याआधी लॉगर नेमकं काय करतो ते पाहिलं. कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइलला कधी हात लावतो ते दाखवणारा प्रोसेस मॉनिटर लावला आणि फक्त त्या फाइलवरच्या हालचाली गाळून घेतल्या. चित्र स्पष्ट आहे. लॉगर फाइल दिवसभर उघडी धरून बसत नाही. दर मिनिटाला उघडतो, शेवटी ओळ जोडतो, बंद करतो. उघडताना शेअर मोड फक्त ‘रीड’ देतो. याचा अर्थ: मी लिहीत असेन तेव्हा इतरांनी वाचलं तर चालेल, लिहू नये.

विंडोजचा हा नियम नीट लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फाइल उघडताना प्रत्येक प्रोग्रॅम दोन गोष्टी सांगतो: मला काय करायचं आहे, आणि मी असताना इतरांनी काय केलं तर मला चालेल. तपासणी दोन्ही बाजूंनी होते. दुसऱ्याचं काम पहिल्याला चालायला हवं, आणि पहिल्याचं काम दुसऱ्यालाही चालायला हवं. एका बाजूने जरी नकार आला तरी नंतर येणाऱ्याला एरर ३२ मिळते, शेअरिंग व्हायोलेशन.

‘आपण तर नुसतं वाचणार, आपला कुणाला काय त्रास’ हा समज इथे मोडतो. डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनसंचात) सगळ्या ओळी एकदम वाचणारी नेहमीची सोपी पद्धत वापरली, तर ती फाइल ‘इतरांनी फक्त वाचावं’ या अटीवर उघडते. आपण वाचत असताना मिनिटाचा काटा पुढे सरकला आणि लॉगर लिहायला आला, तर नंतर आलेला तो ठरतो. एरर ३२ त्याला मिळते, आपल्याला नाही. आपला प्रोग्रॅम व्यवस्थित चाललेला दिसतो आणि लॉगरची ओळ जाते.

जुन्या संगणकावर लॉगरची दुसरी प्रत टाकून हे करून पाहिलं. फाइल मुद्दाम त्या अटीवर उघडून धरली. लॉगरने प्रयत्न केला, नकार मिळाला, पडद्यावर काहीच दाखवलं नाही आणि पुढच्या मिनिटाला नवी ओळ लिहायला गेला. हुकलेली ओळ तो साठवून ठेवत नाही.

दिवाणजी वही लिहीत असताना आपल्याला आकडा बघायचा म्हणून वही ओढून घ्यावी, तसं हे आहे. या कामाचा पहिला नियम आज ठरला. लिहिणाऱ्याला कधीही थांबवायचं नाही. आपल्याला एक मिनिट उशिरा कळलं तर चालेल, त्याची ओळ हुकली तर चालणार नाही.

९ जानेवारी

लॉगर ओळ टाकून देतो हे कळल्यावर जुन्या फाइली तपासणं आलंच. डिसेंबरच्या फाइलींमध्ये सलग दोन ओळींतलं अंतर एका मिनिटापेक्षा जास्त कुठे आहे ते काढलं. खंड आहेत, आणि जवळजवळ सगळे सकाळी सात ते आठच्या दरम्यान. एकेक खंड कधी पाच मिनिटांचा, कधी वीस.

सुपरवायझर दादांना विचारलं, “दादा, सकाळी ही फाइल तुम्ही उघडून बघता का?”

“रोज बघतो. माल किती थंड झाला ते बघितल्याशिवाय कंटेनर लावू कसा?”

फाइल ते स्प्रेडशीटमध्ये उघडतात. स्प्रेडशीट ती बदलण्याच्या इराद्याने उघडते, आणि उघडी आहे तोवर दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही. दादा रकाने बघतात, मध्येच फोन येतो, खिडकी तशीच उघडी राहते. तेवढा वेळ लॉगर दर मिनिटाला येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो.

यात दादांचा काडीचा दोष नाही. मालाची काळजी घेणारा माणूस फाइल बघणारच. त्यांना फाइल उघडू नका असं सांगून प्रश्न सुटणार नाही. फाइल न उघडताही आकडे दिसतील अशी सोय करून द्यायला हवी. लोडिंगच्या जागी स्क्रीन लावणं ही आतापर्यंत सोय होती, आजपासून ती गरज झाली. ती तयार होईपर्यंत डेस्कटॉपवर एक शॉर्टकट ठेवला: त्यावर क्लिक केलं की फाइलची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये निघते आणि स्प्रेडशीट ती प्रत उघडते. प्रत काढणाऱ्या कोडलाही वरचाच नियम लावला. तोही वाचताना लॉगरला लिहू देतो.

१३ जानेवारी

वाचकाचा कोड. भाषा पायथन.

विंडोजवर पायथनची साधी ‘ओपन’ इतरांना वाचू आणि लिहू देते. म्हणजे मिनिटाच्या ओळीला तिच्यामुळे धोका नाही. पण ती इतरांना फाइल पुसू किंवा तिचं नाव बदलू देत नाही. रात्री बारा वाजता लॉगर नाव बदलतो, आणि नाव बदलण्यासाठी विंडोजला डिलीटची परवानगी लागते. नेमक्या त्या क्षणी आपलं हँडल (उघडलेल्या फाइलवरची आपली पकड) उघडं असेल तर नाव बदलणं फसेल आणि नव्या दिवसाच्या ओळी जुन्याच फाइलमध्ये जात राहतील.

म्हणून साधी ‘ओपन’ सोडली. विंडोजचं ‘क्रिएटफाइल’ थेट बोलावलं आणि शेअर मोडमध्ये रीड, राइट, डिलीट तिन्ही दिले. आता आपण वाचत असताना लॉगरने नाव बदललं तरी चालतं. आपलं हँडल त्याच फाइलला धरून राहतं, नाव कोणतंही असो.

शिवाय फाइल उघडी धरून बसायचं नाही. उघडायची, मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढचे बाइट मेमरीत घ्यायचे, लगेच बंद करायची. अर्थ लावणं, सरासरी काढणं, स्क्रीनला पाठवणं हे सगळं बंद केल्यानंतर.

कुठे थांबलो हा आकडा एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो, म्हणजे संगणक पुन्हा सुरू झाला तरी पहिल्यापासून वाचायला नको. फाइलचा आकार त्या आकड्यापेक्षा कमी दिसला तर फाइल नवी आहे असं समजायचं. मग आधी कालच्या तारखेच्या फाइलचं उरलेलं शेपूट वाचून संपवायचं आणि नंतर नवीकडे वळायचं. हे विसरलं तर ११:५९ ची ओळ कायमची राहून जाते.

१५ जानेवारी

आज सगळा दिवस अर्धवट ओळीवर गेला, आणि तो तसा जायलाच हवा होता.

प्रोसेस मॉनिटरच्या नोंदीत दिसतं की लॉगर एक ओळ एका फटक्यात लिहीत नाही. आधी वेळ आणि शेरा, मग एकेक प्रोबचा आकडा, प्रत्येकासाठी वेगळा ‘राइट’. दोन राइटच्या मधे आपण वाचलं तर ओळ अर्धीच हाती येते. ओळीत रकाने कमी पडले तर ती सोडून देणं सोपं आहे. खरी भीती शेवटच्या रकान्याची. तिथे ‘१२.६’ लिहायचं आहे आणि आपल्याला फक्त ‘१’ मिळालं, तर प्रोबचे आठही रकाने भरतात, आकडाही वैध असतो, आणि गर १ अंशाला पोचला असं स्क्रीन सांगते. तो मणी खरं तर अजून गरम आहे. एरर आली असती तर बरं झालं असतं. इथे तर चुकीचा आकडा खऱ्याच्या वेषात येतो.

म्हणून रकाने मोजण्यावर भिस्त ठेवायची नाही. ओळ संपल्याची खूण दिसली तरच ती ओळ आपली. वाचलेल्या बाइटमध्ये शेवटची न्यूलाइन, म्हणजे ती खूण, शोधायची, तिथपर्यंतचंच घ्यायचं, आणि थांबल्याची जागाही तिथपर्यंतच पुढे सरकवायची. उरलेला तुकडा टाकून द्यायचा. पुढच्या फेरीत तो पूर्ण होऊन येतोच.

हे काम बाइटच्या पातळीवर करायचं, अक्षरांच्या नाही. शेरा या रकान्यात दादा मराठीत लिहितात, ‘दार उघडे’, ‘डिफ्रॉस्ट’ असं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. मधेच तुटलं तर डिकोड करताना, म्हणजे बाइटची पुन्हा अक्षरं करताना, एरर येते. पण न्यूलाइनचा बाइट यूटीएफ-८ मध्ये दुसऱ्या कुठल्याही चिन्हाच्या पोटात येत नाही. त्यामुळे आधी न्यूलाइनवर कापायचं, मग डिकोड करायचं, हा क्रम ठेवला की दोन्ही प्रश्न एकदम मिटतात.

लॉगर मिनिटाच्या सुरुवातीला लिहितो, तेव्हा आपण तिसाव्या सेकंदाला वाचावं अशी सूचना आली. ती घेतली, कारण टक्कर कमी होते. पण तिच्यावर विसंबलेलो नाही. संगणक अपडेट करत असेल, डिस्क गुंतलेली असेल, तर लॉगरचा मिनिट कुठेही घसरू शकतो. वेळ पाळणं हा शिष्टाचार, न्यूलाइन हा नियम.

१८ जानेवारी

फाइल बदलली की विंडोजने आपल्याला कळवावं अशी सोय आहे. ती वापरायची का, यावर विचार केला. नको. लिहिणारा फाइल उघडी धरून बसला असेल तर फोल्डरच्या यादीत दिसणारा आकार आणि बदलाची वेळ मागे राहू शकतात, हँडल बंद झाल्यावरच ती पुढे येतात. आजचा लॉगर फाइल बंद करतो म्हणून चालेल, उद्या त्याची नवी आवृत्ती आली आणि पद्धत बदलली तर इशारा गप्प बसेल. दर मिनिटाला स्वतः फाइल उघडून आकार विचारणं साधं आहे आणि त्यात फसगत नाही.

२२ जानेवारी

दुसरी बाजू सुरू. चेंबरची दारं किती वेळ उघडी राहतात आणि आत आर्द्रता किती, हे लॉगर घेत नाही. आर्द्रता ९० ते ९५ टक्के राहायला हवी, म्हणून त्यासाठी रास्पबेरी पाय (पुढे नुसतं ‘पाय’) हा लिनक्सवर चालणारा छोटा संगणक बसवला. इथे लिहिणारा प्रोग्रॅम आपला आहे, त्यामुळे त्याने कसं लिहावं हे आपल्या हातात.

चाचणीत पहिल्यांदाच दिसलं की स्क्रिप्ट चालू आहे, सेन्सर आकडे देतोय, पण वाचणाऱ्याला फाइल रिकामी. पायथन फाइलमध्ये लिहिताना आधी स्वतःच्या बफरमध्ये साठवतं. आमच्या आवृत्तीत तो बफर ८१९२ बाइटचा. आपली ओळ साधारण ६० बाइटची, म्हणजे बफर भरायला सव्वादोन तास. तोवर बाहेर काहीच दिसत नाही, आणि मग एकदम सगळं येतं, तेही शेवटची ओळ मधेच तुटलेली. इशारा देणाऱ्या यंत्रणेत हे चालणारच नाही. प्रत्येक ओळीनंतर ‘फ्लश’ लावला.

फ्लशने काय होतं आणि काय होत नाही, हे वेगळं समजून घ्यायला हवं. फ्लश केलं की ओळ लिनक्सच्या ताब्यात जाते आणि त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या प्रोग्रॅमला लगेच दिसते. ती एसडी कार्डावर पोचली असं मात्र नाही. लिनक्स ती नंतर सवडीने उतरवतं, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये लिहिलेला मजकूर साधारण ३० सेकंद मेमरीतच राहू शकतो. मधे लाइट गेली तर दिसलेली ओळही नाहीशी होते. आपल्या भागात लाइट जाणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणून फ्लशनंतर ‘एफसिंक’ही, म्हणजे ओळ कार्डावर उतरवायलाच लावणारा आदेश. मिनिटाला एकदा एफसिंक केल्याने कार्डावर फार भार पडत नाही.

लिनक्सवर शेअर मोडचा पहारा नाही. परवानगी असेल तर कुणीही कुणाचीही चालू फाइल उघडू शकतो. ‘फ्लॉक’ने कुलूप लावता येतं, पण ते मानणाऱ्यापुरतंच कुलूप आहे. ज्याने विचारलंच नाही तो सरळ आत जातो. तेव्हा न्यूलाइनचा नियम इथे अधिकच कडक पाळायचा.

‘आत्ताची स्थिती’ ही एका ओळीची फाइल वेगळी आहे. ती दर मिनिटाला संपूर्ण बदलते, तिच्या शेवटी काही जोडलं जात नाही. तिला दुसऱ्या नावाने लिहून, एफसिंक करून, मग मूळ नाव देतो. लिनक्सवर नाव बदलणं एका झटक्यात होतं. वाचणाऱ्याला जुनी पूर्ण मिळते किंवा नवी पूर्ण, मधलं काही मिळत नाही. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवली आहे. ‘टेम्प’ या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि ती वेगळ्या फाइल सिस्टिमवर निघाली, तर नाव बदलणंच नाकारलं जातं.

३० जानेवारी

पायवरच्या नोंदी आता तीन ठिकाणी लागतात: स्क्रीन, इशारा, आणि लॉटनुसार अहवाल. तिघांनी सीएसव्हीत आपापली जागा लक्षात ठेवायची, तिघांनी न्यूलाइन शोधायची. लिहिणारा आपला असताना हे कशाला? एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसवर गेलो, वॉल मोडमध्ये.

वॉल मोड एसक्यूलाइटमध्ये २०१० साली ३.७.० आवृत्तीत आला. नव्या नोंदी आधी शेजारच्या ‘-वॉल’ फाइलमध्ये जातात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये मिसळल्या जातात. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. वाचायला सुरुवात केली त्या क्षणाचं चित्र वाचणाऱ्याला शेवटपर्यंत जसंच्या तसं दिसतं. अर्धी ओळ हा प्रकारच उरत नाही. लिहिणारा एका वेळी एकच असतो, आणि आपला एकच आहे.

८ जानेवारीला हाताने ठरवलेला नियम इथे रचनेतच बसवलेला आहे, याचं मनापासून समाधान वाटलं.

लॉगरची सीएसव्ही मात्र तशीच राहील. आपला वाचक तिच्यातून घेतलेल्या ओळी विंडोजवरून पायकडे पाठवतो आणि पायवरचा लिहिणारा प्रोग्रॅम त्या त्याच डेटाबेसमध्ये टाकतो. मूळ पुरावा सीएसव्हीच.

६ फेब्रुवारी

मालकांची विनंती: फोल्डर शेअर करून द्या, म्हणजे नाशिकच्या घरूनही फाइल बघता येईल. समजावून सांगितलं आणि नको म्हटलं. नेटवर्कवरून फोल्डर बघताना विंडोज फाइलची माहिती काही सेकंद स्वतःकडे जपून ठेवतं, तेव्हा आकार जुना दिसू शकतो. तिकडून कुणी फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली तर इथला लॉगर पुन्हा अडतो, आणि यावेळी कुणी उघडली ते इथे कुणालाच कळणार नाही. एसक्यूलाइटचा वॉल मोड तर नेटवर्क फाइल सिस्टिमवर चालतच नाही, कारण सगळ्या प्रोग्रॅमना एकाच यंत्राची मेमरी वाटून घ्यावी लागते.

त्याऐवजी पायवर एक छोटं वेब पान केलं. पान तिथल्या तिथे डेटाबेस वाचतं आणि बाहेर फक्त आकडे जातात. मालकांना फाइल नकोच होती, आकडेच हवे होते.

१९ फेब्रुवारी

रात्री उशिरा दोन नंबरच्या चेंबरचा इशारा आला. गराचं तापमान उतरता उतरता ६ अंशांच्या आसपास थबकलं होतं, हवेचं वर जायला लागलं होतं. रात्रपाळीच्या मुलाने जाऊन पाहिलं, तर एका पंख्याचा ओव्हरलोड ट्रिप झाला होता. त्याने त्या पंख्याचा मेन स्विच बंद करून पेट्यांमधली ताडपत्री नीट केली, इलेक्ट्रिशियनला उठवलं. पंखा सुरू झाला आणि पहाटेपर्यंत गर ४ च्या आत आला. त्या चेंबरमध्ये दिंडोरीकडच्या एका शेतकऱ्याचा थॉमसन जातीच्या द्राक्षांचा माल होता.

सकाळी त्या रात्रीच्या सगळ्या ओळी एकेक करून पाहिल्या. एकही मिनिट हुकलेला नाही. पंखा बंद पडल्याची वेळ, थबकलेलं तापमान, पुन्हा उतरलेलं तापमान, सगळं सलग आहे. उद्या खरेदीदाराने या लॉटबद्दल प्रश्न केला तर शेतकऱ्याला देता येईल अशी नोंद त्यात आहे. दादाही आता सकाळी स्क्रीनवरच बघतात. स्क्रीन लागल्यापासून सात ते आठमधले खंड दिसलेले नाहीत.

४ मार्च

‘-वॉल’ फाइल अवास्तव वाढलेली दिसली. साधारण १००० पानं (डेटाबेस फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे) साठली की एसक्यूलाइट ती मुख्य फाइलमध्ये मिसळतं. पण एखादा वाचक जुनं चित्र धरून बसला असेल तर त्यापुढचं मिसळता येत नाही. अहवालाच्या पानाचं एक कनेक्शन वाचणं सुरू करून तसंच अडकून राहत होतं. आता प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पूर्ण घेऊन व्यवहार लगेच संपवतो. फाइल परत आटोक्यात आली.

२१ मार्च

हंगामाच्या नोंदी पेन ड्राइव्हवर हव्यात. चालू डेटाबेसची नुसती मुख्य फाइल उचलून नेली तर ‘-वॉल’मधल्या ताज्या ओळी मागे राहतात, आणि मिसळणं सुरू असताना उचलली तर प्रत बिघडलेलीही निघू शकते. म्हणून वेब पानावर ‘प्रत काढा’ असं बटण दिलं. ते ‘व्हॅक्यूम इंटू’ चालवतं, जे एसक्यूलाइटमध्ये २०१९ पासून आहे. लिहिणं सुरू असतानाच एका क्षणाचं पूर्ण चित्र नव्या, एकट्या फाइलमध्ये उतरतं. दादांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडली, दोन लॉट निवडले आणि सीएसव्हीतल्या ओळींशी ताडून पाहिले. जुळले.

लॉगर बनवणाऱ्यांना आज पत्र पाठवलं. मागणी एवढीच आहे: फाइल उघडायला नकार मिळाला तर ओळ टाकून देऊ नका, मेमरीत ठेवा, पुढच्या मिनिटाला दोन्ही लिहा, आणि नकार मिळाल्याचं पडद्यावर दाखवा. सोबत प्रोसेस मॉनिटरची नोंद आणि डिसेंबरच्या खंडांची यादी जोडली आहे. हा लॉगर जिथे जिथे बसवलेला असेल, तिथे सकाळी फाइल उघडून बघणारं कुणीतरी असणारच.